महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुले पत्र : दिव्यांग विद्यार्थ्याला दर सत्राला तोच हक्क नव्याने मागायला लावू नका

माननीय कुलगुरू महोदय, महोदया,

राज्यातील सर्व सार्वजनिक विद्यापीठांच्या कुलगुरूंना मिळून हे पत्र लिहीत आहे. मी तालुक्याच्या गावातील एका संलग्न महाविद्यालयात मराठी माध्यमातून अर्थशास्त्र शिकवते. दिव्यांग विद्यार्थ्यांच्या समन्वयाचे काम महाविद्यालयाने माझ्याकडे सोपवलेले आहे, त्यामुळे परीक्षा जवळ आल्या की त्यांचे अर्ज, प्रमाणपत्रे आणि लेखनिक (विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती) यांच्यामागे धावण्यात माझेही दिवस जातात. या कामातून एक गोष्ट मला स्पष्ट दिसली आहे, आणि तीच आपल्यापुढे मांडायची आहे : कायद्याने संस्थांवर टाकलेली जबाबदारी आज प्रत्यक्षात विद्यार्थी उचलतो आहे. सवलत कागदावर मंजूर असते. ती पदरात पाडून घेण्याचे श्रम मात्र दर सत्राला, दर विषयाला आणि दर केंद्रावर त्याच्याच वाट्याला येतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले, शासकीय आणि अनुदानित उच्च शिक्षण संस्थांतील किमान पाच टक्के जागा ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी राखून ठेवल्या, आणि अभ्यासक्रमात व परीक्षा पद्धतीत योग्य ते बदल करणे, जादा वेळ आणि लेखनिक देणे हे कर्तव्य म्हणून नमूद केले. त्याहून महत्त्वाची तरतूद व्याख्यांच्या कलमात आहे : एखाद्या व्यक्तीला तिच्या गरजेनुसार वाजवी सोय नाकारणे हाच कायद्याच्या दृष्टीने भेदभाव ठरतो. म्हणजे कार्यालयाच्या खिडकीवर ‘ही सोय आमच्याकडे नाही’ असे सांगितले जाते, तेव्हा तो केवळ व्यवस्थेतला उणेपणा राहत नाही. हे सारे आपणांस ठाऊक आहे, म्हणून कायद्यावर अधिक लिहीत नाही. तो परीक्षा केंद्रापर्यंत पोहोचेपर्यंत त्याचे काय होते, ते सांगते.

लेखनिकाचेच पाहावे. केंद्र शासनाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार विद्यार्थ्याला स्वतःचा लेखनिक आणण्याचा किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून लेखनिक मागण्याचा पर्याय आहे, संस्थेने जिल्हा, विभाग किंवा राज्य पातळीवर लेखनिकांची यादी तयार ठेवावी असे त्यांत म्हटले आहे, आणि संस्थेने दिलेल्या लेखनिकाला परीक्षेच्या दोन दिवस आधी भेटण्याची मुभाही आहे. प्रत्यक्षात बहुतेक केंद्रांवर दुसरा पर्याय अस्तित्वातच नसतो. ‘तुमचा रायटर तुम्ही आणा’ एवढेच उत्तर मिळते, आणि मग शोध सुरू होतो. विद्यार्थ्याने आणलेल्या लेखनिकाचे शिक्षण त्याच्यापेक्षा एक पायरी खाली असावे, असा नियम २०१८ च्या त्या सूचनांत होता. तो योग्यही होता. पण लहान गावात अशी मुले मिळायची कुठे? हिवाळी सत्राच्या परीक्षा असतात त्याच सुमारास कनिष्ठ महाविद्यालयाच्या सहामाही परीक्षाही असतात. जो मुलगा सहा पेपरांना यायला तयार होतो, तो तिसऱ्या पेपरला आजारी पडतो किंवा त्याच्या घरचे त्याला शेतातल्या कामासाठी ठेवून घेतात, आणि नव्या लेखनिकाचे ओळखपत्र, छायाचित्र, बोनाफाइड, प्राचार्यांची सही आणि केंद्रप्रमुखांची परवानगी हे सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते. लेखनिक बदलण्याची लवचिकता त्याच सूचनांमध्ये दिलेली आहे, तरीही.

माझ्या एका अंध विद्यार्थिनीला अशाच ऐनवेळी अकरावी विज्ञान शाखेतील एक मुलगी मिळाली. मुलगी गुणी होती, अक्षर सुरेख होते. पण ‘मागणीची छेदक लवचिकता’ हे शब्द तिने कधी ऐकलेले नव्हते. प्रत्येक संज्ञा अक्षरा-अक्षराने सांगावी लागली. मग पंधरा गुणांचा प्रश्न आला : आकृतीच्या साहाय्याने स्पष्ट करा. अक्ष कुठे, वक्र कोणत्या दिशेला उतरतो, समतोल बिंदू कुठे येतो, हे विद्यार्थिनी तोंडाने बिनचूक सांगत होती, आणि लेखनिक ते कागदावर उतरवण्याचा प्रयत्न करत होती. उत्तरपत्रिकेत शेवटी जे उमटले त्यावरून परीक्षकाने गुण दिले. ज्या प्रश्नांना डोळ्यांनी पाहण्याची गरज आहे, त्यांच्याऐवजी दृष्टिबाधितांना पर्यायी प्रश्न द्यावा, ही तरतूदही त्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. प्रश्नपत्रिका काढणाऱ्या प्राध्यापकाला ती कळवण्याची व्यवस्था मात्र कुणाकडे नाही. मी स्वतः प्रश्नपत्रिका काढते. मला मिळणाऱ्या नमुन्यात अशा पर्यायी प्रश्नासाठी एक ओळही राखलेली नसते.

खरे तर अनेक विद्यार्थ्यांना लेखनिकाची गरजच पडू नये. संगणकावर मराठी टंकलेखन करणारे, स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, आधारे स्वतःचे उत्तर पुन्हा ऐकून दुरुस्त करणारे अंध विद्यार्थी आज प्रत्येक विद्यापीठात आहेत. उत्तर संगणकावर, ब्रेलमध्ये, मोठ्या अक्षरात किंवा ध्वनिमुद्रित करून देण्याचा पर्याय २०१८ च्या सूचनांनी दिलेला आहे. दुसऱ्याच्या हाताने लिहून घेणे आणि स्वतः लिहिणे यांत किती अंतर आहे, हे आपण एकदा कुणाला तरी आपले अर्ध्या पानाचे पत्र तोंडी सांगून पाहिलेत तरी ध्यानात येईल. वाक्य अर्ध्यावर बदलता येत नाही, मागचा परिच्छेद डोळ्यांखालून घालता येत नाही, शुद्धलेखनाच्या चुका कोणाच्या हे परीक्षकाला कळत नाही. असे असताना संगणकाची मागणी केली की केंद्राकडून उत्तर येते की, संगणक कक्षाची चावी ज्यांच्याकडे आहे ते रजेवर आहेत, किंवा तिथे मराठी कळफलकच बसवलेला नाही.

जादा वेळाविषयी दोन शब्द. तासाला किमान २० मिनिटे हे प्रमाण आहे. तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो. विद्यापीठाच्या सत्रांत परीक्षेत हे आता बऱ्यापैकी पाळले जाते. परंतु नव्या शैक्षणिक धोरणानंतर अंतर्गत मूल्यमापनाचे वजन वाढले आहे, आणि तासाभराच्या चाचणीत, प्रात्यक्षिकात, तोंडी परीक्षेत किंवा वर्गातल्या सादरीकरणात या प्रमाणाची कुणाला आठवणही राहत नाही. तोतरेपणा असलेल्या मुलाला पाच मिनिटांत सादरीकरण संपवायला लावणे आणि मेंदूच्या पक्षाघाताने हात कापणाऱ्या मुलीला नेमक्या वेळेत प्रयोगवही पूर्ण करायला सांगणे, यात गुणांची जी कपात होते ती कुठल्याही निकालपत्रकात वेगळी दिसत नाही.

आता मजकुराकडे वळते, कारण माझ्या मते सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी खर्चात दूर होणारी अडचण तिथे आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियन अंध तरुणाने २००६ साली लिहायला घेतलेला ‘एनव्हीडीए’ हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि मराठी वाचतो. अँड्रॉइड फोनमधला ‘टॉकबॅक’ही मराठी वाचतो. म्हणजे गरीब घरातल्या मुलाच्या खिशातही आज वाचनाचे साधन आहे. पण तो विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून अभ्यासक्रमाची किंवा स्वयंअध्ययन साहित्याची फाइल उतरवून घेतो, तेव्हा ती पुष्कळदा श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरच्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेली असते (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतले अक्षर सर्व संगणकांना सारखेच ओळखता येईल अशी सामाईक पद्धत). डोळ्यांना ते देवनागरी दिसते. आत मात्र साठवलेली असतात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द आला की यंत्र वाचते : अंडरस्कोर, एच, एम, ए, एम, आणि पुढे आणखी काही अनाकलनीय चिन्हे. असे दोनशे पानांचे पुस्तक. दोष त्या सॉफ्टवेअरचा नाही, कारण तेच सॉफ्टवेअर आता युनिकोडमध्येही मजकूर देते. दोष आपल्या मुद्रण विभागांच्या आणि निविदांच्या अटींचा आहे, जिथे ‘युनिकोड’ हा एक शब्द घालायचा राहून गेला आहे.

दुसरा प्रकार याहून वाईट. परिपत्रक छापायचे, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, मग ते स्कॅन करून संकेतस्थळावर टाकायचे, ही आपल्या सर्व कार्यालयांची रूढ पद्धत आहे. ती फाइल म्हणजे कागदाचा फोटो असतो. त्यात स्क्रीन रीडरला वाचण्यासारखे एकही अक्षर नसते. प्रतिमेतून मराठी मजकूर काढणारी साधने आता आहेत आणि ती दरवर्षी सुधारत आहेत, परंतु जोडाक्षरे चुकतात, दोन रकाने एकमेकांत मिसळतात, आणि मागणी-पुरवठ्याचे कोष्टक आले की आकड्यांची एक लांबच लांब रांग कानावर पडते, जिच्यातला कोणता आकडा किमतीचा आणि कोणता नगसंख्येचा हे कळायला मार्ग नसतो. मुले हे ऐकत बसतात, मित्राला विचारून दुरुस्त करतात, आणि जो अभ्यास इतरांचा संध्याकाळी संपतो त्याला मध्यरात्र उजाडते. लेखनिकाला परवानगी देण्याविषयीचे परिपत्रकच स्कॅन केलेल्या फोटोच्या रूपात प्रसिद्ध होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

ग्रंथालयांकडून कधी कधी सांगितले जाते की, पुस्तक स्कॅन करून दिले तर प्रकाशकाच्या हक्काचा भंग होईल. ही भीती निराधार आहे. २०१२ साली स्वामित्वहक्क कायद्यात झालेल्या दुरुस्तीने, दिव्यांग व्यक्तींना वाचता येईल अशा रूपात पुस्तकाची प्रत करून देण्यास प्रकाशकाची परवानगी घेण्याची गरज ठेवलेली नाही. दृष्टिबाधितांसाठी पुस्तके खुली करणाऱ्या माराकेश कराराला २०१४ साली जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती भारताने. त्याच देशातल्या विद्यापीठाच्या ग्रंथपालाने कायद्याच्या धास्तीने पुस्तक अडवून ठेवावे, हे योग्य नाही. पण त्या ग्रंथपालाला लेखी आश्वासन देण्याचे काम आपले आहे.

डोळ्यांना दिसणाऱ्या दिव्यांगत्वापलीकडे गेले की परिस्थिती आणखी अवघड होते. विदर्भातल्या आणि नंदुरबारसारख्या जिल्ह्यांतल्या प्राध्यापकांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार नवा नाही. २०१६ च्या कायद्याच्या यादीत तो आहे, थॅलेसेमिया आणि हिमोफिलियाही आहेत. सिकलसेलच्या विद्यार्थ्याला लेखनिक नको असतो, रॅम्प नको असतो. त्याच्या हाडासांध्यांत अचानक असह्य वेदना उठतात, दवाखान्यात भरती व्हावे लागते, आणि ही वेळ परीक्षेचे वेळापत्रक पाहून येत नाही. शरीरातले पाणी कमी झाले, अतिश्रम झाले, थंडी बाधली की त्रास वाढतो. त्याला हवे असते ते हजेरीच्या अटीत शिथिलता, बुडालेल्या अंतर्गत चाचणीची पुन्हा संधी, पेपर चालू असताना पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि मध्ये थोडी विश्रांती घेण्याची मुभा. यातले काहीच खर्चिक नाही. पण आपल्या अर्जात ‘लेखनिक हवा/नको’ आणि ‘जादा वेळ हवा/नको’ एवढेच दोन चौकोन असतात, आणि ज्याची गरज त्यांत बसत नाही त्याला ७५ टक्के हजेरी भरली नाही म्हणून परीक्षेला बसू दिले जात नाही. आदिवासी भागातली किती मुले या कारणाने पदवी अर्ध्यावर सोडतात याची नोंद कुठल्याही विद्यापीठाने ठेवावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कर्णबधिर विद्यार्थ्यांचा प्रश्न वेगळाच आहे. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, म्हणजे या क्षेत्रातले ज्ञान आपल्या राज्यात आहे. परंतु साध्या वर्गात बसलेला कर्णबधिर विद्यार्थी, शिक्षक फळ्याकडे तोंड करून बोलू लागले की त्या तासापुरता वर्गाबाहेरच जातो. बोललेले लगेच अक्षरांत उमटवणारी फोनवरील साधने आता मराठीतही चालतात. पारिभाषिक शब्दांत ती चुकतात, म्हणून शिक्षकाने तासाआधी टिपणे दिली तर दोन्ही मिळून बरेच काम भागते. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे, त्यांच्यासाठी लिखित मराठी ही शिकून मिळवलेली दुसरी भाषा असते. त्यांच्या उत्तरातील विभक्ती चुकली म्हणून अर्थशास्त्राचे गुण कापले जाऊ नयेत. वर्णनात्मक प्रश्नांऐवजी त्यांना वस्तुनिष्ठ पर्यायी प्रश्न द्यावेत, असेही २०१८ च्या सूचना सांगतात. माझ्या पाहण्यातल्या एकाही प्रश्नपत्रिकेत ते दिलेले नव्हते.

टक्केवारीच्या अडसराबद्दल लिहिणे भाग आहे. लिहिताना हाताचे स्नायू आखडण्याचा त्रास असलेल्या विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी स्पष्ट केले की, लेखनिकाची सोय केवळ ४० टक्क्यांच्या वरच्यांपुरती मर्यादित ठेवता येणार नाही, आणि सोय ही व्यक्तीची गरज पाहून, तिच्याशी बोलून ठरवायची असते. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या पण लिहिण्यात अडचण असलेल्या उमेदवारांसाठी केंद्र शासनाने स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या. इतके होऊनही खिडकीवरचा पहिला प्रश्न ‘चाळीस टक्के आहेत का?’ हाच असतो. त्याच निकालात न्यायालयाने गैरवापराच्या शंकेलाही उत्तर दिले आहे. काही लोक सवलतीचा गैरफायदा घेतील या भीतीपोटी ज्याला खरी गरज आहे त्याला ती नाकारता येत नाही. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना ही शंका सर्वाधिक सोसावी लागते, कारण त्यांचे दिव्यांगत्व दिसत नाही. मुंबईत शीव किंवा नायर रुग्णालयात त्यांची तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. आमच्याकडच्या पालकाला त्यासाठी कुठे जायचे हेच माहीत नसते, आणि जो मुलगा दहावी-बारावीला शिक्षण मंडळाच्या सवलती घेऊन उत्तीर्ण झाला त्याला पदवीच्या पहिल्या वर्षी सगळे पुन्हा सिद्ध करायला सांगितले जाते. मंडळाने मान्य केलेली गरज तीन महिन्यांत नाहीशी कशी होईल?

म्हणून माझी पहिली मागणी नोंदणीची आहे. विद्यार्थी प्रवेश घेईल तेव्हाच त्याच्याशी एकदा शांतपणे बोलावे, त्याला काय लागते ते लिहून घ्यावे, आणि ती नोंद पदवी पूर्ण होईपर्यंत प्रत्येक परीक्षेला, प्रत्येक केंद्राला आणि प्रत्येक विषय शिक्षकाला आपोआप लागू व्हावी. गरज बदलली तर विद्यार्थी सांगेल. न बदललेली गरज पुन्हा सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नको. ही नोंद गोपनीय ठेवावी. दिव्यांग विद्यार्थ्यांची नावे आणि त्यांचे निदान सूचनाफलकावर लावण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, ती तातडीने बंद व्हायला हवी. मानसिक आजार असलेला किंवा स्वमग्न विद्यार्थी या फलकाच्या भीतीनेच कधी पुढे येत नाही.

लेखनिकांची यादी विद्यापीठानेच जिल्हावार तयार करावी, त्यांना मानधन द्यावे, आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांना या कामाचे प्रशिक्षण द्यावे. प्रत्येक परीक्षा केंद्रावर मराठी कळफलक आणि एनव्हीडीए बसवलेला, इंटरनेट तोडलेला एक तरी संगणक असावा, आणि विद्यार्थ्याला तो आदल्या दिवशी तपासता यावा. यापुढे कोणताही मजकूर युनिकोडशिवाय स्वीकारू नये, अशी अट मुद्रणाच्या निविदेत घालावी. सहीचे परिपत्रक हवेच असेल तर स्कॅनच्या शेजारी त्याचा वाचता येणारा मजकूरही ठेवावा. विद्यार्थ्यांच्या संकेतस्थळांवरील चित्रातली अक्षरे ओळखायला लावणारे कुलूप (कॅप्चा) काढावे किंवा त्याला ध्वनीचा पर्याय द्यावा. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला आहे.

पैशांचे कारण पुढे येईल याची मला कल्पना आहे. वर मागितलेल्या गोष्टींपैकी बहुतेकांना सॉफ्टवेअरचा खर्च नाही. खर्च आहे तो माणसांचा : प्रत्येक विद्यापीठात पूर्णवेळ काम करणारा, स्क्रीन रीडर आणि ब्रेल जाणणारा, सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांशी संपर्क असलेला एक लहानसा कक्ष. ‘समान संधी कक्ष’ अशी पाटी अनेक ठिकाणी आहे. तिच्यामागे माझ्यासारखीच एखादी प्राध्यापिका आठवड्यातले उरलेले तास देत असते. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाने दृष्टिबाधितांसाठीचे आपले केंद्र २००३ सालीच उभे केले आणि ते आजही काम करते आहे. एका महाविद्यालयाला जे जमले ते शेकडो महाविद्यालये संलग्न असलेल्या विद्यापीठाला न जमण्याचे कारण नाही. राज्य शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आहे. त्याच्याकडे अशा पदांचा प्रस्ताव विद्यापीठांनी एकत्रितपणे पाठवावा. आणि या कक्षाच्या समितीत दिव्यांग विद्यार्थी बहुसंख्य असावेत. काय अडते हे त्यांच्याइतके नेमके मलाही सांगता येणार नाही.

येत्या हिवाळी सत्राच्या परीक्षा अर्जांची अधिसूचना निघण्यापूर्वी निदान दोन गोष्टी व्हाव्यात, एवढी अपेक्षा आहे. अर्जातील दोन चौकोनांच्या जागी विद्यार्थ्याला आपली गरज स्वतःच्या शब्दांत मांडता येईल अशी जागा द्यावी, आणि प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना पाठवल्या जाणाऱ्या नमुन्यात पर्यायी प्रश्नाचा रकाना घालावा. दोन्हींसाठी विद्या परिषदेच्या बैठकीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही. परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांच्या पातळीवर ती होऊ शकतात, म्हणून या पत्राची प्रत त्यांनाही पाठवत आहे. प्रत युनिकोडमध्ये आहे. आपले उत्तरही त्याच रूपात यावे, म्हणजे ते मी माझ्या विद्यार्थ्यांना पाठवीन आणि ते त्यांना स्वतः वाचता येईल.

आपली विश्वासू,
संलग्न महाविद्यालयातील एक प्राध्यापिका व दिव्यांग विद्यार्थी समन्वयक